ध्वनिवर्धकाचा बिघाड आणि कुंभाराचें गाढव

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे विचारावयाचा पहिला प्रश्न "काय बिघडलें?" हा होय. परंतु आमच्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांतून तो बहुधा "कोणीं बिघडविलें?" असा विचारला जातो, आणि त्याचें उत्तरही विचारणाराच्या मनांत आधींच तयार असतें. बरणी तडकली तर ती मोलकरणीनें, घड्याळ थांबलें तर तें मुलांनीं, आणि नव्या तऱ्हेचें कोणतेंही यंत्र बंद पडलें तर तें घरांतल्या सर्वांत धाकट्या हातानें, असा जणूं नियमच ठरून गेला आहे. हा दोष मी इतरांचा म्हणून सांगत नाहीं. हायस्कुलांत तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या व कृष्णेकांठीं एका वृद्ध शास्त्रीबोवांपाशीं बसून 'तर्कसंग्रह' म्हटलेल्या मजसारख्या माणसानें गेल्या दिवाळींत तोच प्रमाद केला. तो कसा घडला आणि एका ध्वनिवर्धकाच्या दुरुस्तींत कसा उघडकीस आला, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. यांतील यंत्राविषयींची माहिती कोणत्याही घरांत उपयोगी पडण्यासारखी आहे. बाकीचें ज्याचें त्यानें पाहून घ्यावें.

वाईस आमचें जुनें घर आहे. कुटुंब एकत्र, रोजच्या पंगतीस नऊ पानें, आणि दिवाळींत पुण्यामुंबईकडची मंडळी आली म्हणजे अठरा-वीस. माजघराशेजारच्या खोलींत शिसवी कपाटावर माझ्या वडील बंधूंचा ध्वनिवर्धक आहे. दादांनीं तो १९८७ सालीं घेतला. नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानें आटोपलीं म्हणजे फराळास बसण्यापूर्वीं त्यावर जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या लावावयाच्या, हा त्यांनींच घालून दिलेला परिपाठ. दादांना जाऊन आतां पांच वर्षें झालीं. तेव्हांपासून तबकडीवर सुई ठेवण्याचा मान मजकडे आला. पहिलें पद सुरू झालें कीं आमच्या वहिनी डोळे मिटून बसतात. त्या वेळीं त्यांच्याशीं कोणी बोलत नाहीं.

गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळीं माझा चौदा वर्षांचा नातू त्या यंत्रामागें एक तार लावून आपला मोबाइल जोडीत होता. यंत्र सुरू झालें मात्र, उजव्या पेटींतून भुंगा कोंडल्यासारखा घूं घूं असा आवाज येऊं लागला, आणि डावी पेटी तर अगदींच मुकी झाली. मी देवघरांतून बाहेर आलों तो हा प्रकार. मी म्हणालों, "केलास ना सत्यानाश! दादांच्या यंत्राला हात लावावयास तुला कोणीं सांगितलें होतें?"

"आजोबा, मीं नुसती वायर लावली. गाणें अजून सुरूही केलें नव्हतें," तो म्हणाला.

"वायर लावलीस आणि यंत्र बंद पडलें. याहून निराळा पुरावा तो कोणता पाहिजे?"

मुलगा पुढें एक अक्षर बोलला नाहीं. रात्रीं तो पानावर बसला, खालीं मान घालून जेवला व उठून गेला. सूनबाईही कांहीं बोलल्या नाहींत, परंतु वाढतांना त्यांनीं मला "आणखी भात?" एवढेंही विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणारास या अबोल्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं धनत्रयोदशी. सकाळींच मीं गांवांत यंत्रें दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास बोलावणें धाडलें. हा गृहस्थ शाळेंत असतांना संस्कृतांत पस्तीस गुणांच्या पलीकडे कधीं गेला नाहीं. शब्द चालवावयास सांगितला कीं खिडकीबाहेर पाहावयाचा. तो आला तो आपली पेटी खालीं ठेवून स्वस्थ बसला. मला वाटलें, आतां हा यंत्र उघडील. परंतु त्यानें आधीं घरांतील माणसांची विचारपूस सुरू केली. "हा आवाज प्रथम केव्हां ऐकूं आला? कोणास आला? यंत्र अलीकडे हलविलें होतें काय?"

यावर आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून म्हणालें, "घूं घूं होय? तें मला श्रावणापासून ऐकूं येतें. मी म्हटलें, पंख्याचें असेल."

मी चकित होऊन विचारलें, "मग मला कां नाहीं सांगितलें?"

"अहो, विचारलेंत कधीं?"

शास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. शब्द म्हणजे आप्ताचें वाक्य, विश्वासू माणसानें स्वतः जाणलेलें सांगणें. मीं अनुमानावर उडी घेतली होती. पण ज्यांचे कान दिवसभर त्या खोलीच्या आसपास असतात त्यांची साक्षच काढली नव्हती. उलगडा असा झाला कीं, एरवीं यंत्र सुरू झालें कीं लागलीच तबकडी फिरूं लागते व तिच्या गाण्याखालीं हा घुमणारा आवाज दडून राहतो. मुलानें यंत्र सुरू करून गाणें लावावयास क्षणभर उशीर केला. त्या क्षणाच्या शांततेंत जुना रोग नव्यानें ऐकूं आला, इतकेंच.

आतां ध्वनिवर्धक काम करतो कसें, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं लहान आवाज आंत जातो व तोच फुगून मोठा होऊन बाहेर येतो. तसें नसतें. पाटाच्या पाण्याची उपमा अधिक योग्य होईल. धरणांत पाण्याचा मोठा सांठा असतो. पाटकरी नुसत्या हातानें दार वरखालीं करतो, आणि त्याच्या हाताच्या हालचालीप्रमाणें पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. लोंढ्याचें बळ पाटकऱ्याचें नव्हे, तें सांठ्याचें. ध्वनिवर्धकांत तबकडीच्या सुईपासून येणारी दुर्बळ वीज ही पाटकरी. घरांतील २३० व्होल्टांच्या विजेपासून तयार केलेला सांठा हें धरण. आणि ट्रान्झिस्टर हें दार. हें दार प्रथम निर्वात नळीच्या रूपानें अवतरलें. अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं तीन अवयवांची नळी केली. पुढें १९४७ सालच्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, आणि १९५६ सालीं शॉक्ली यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. दार बदललें, पाटाची रीत तीच राहिली.

म्हणून यंत्राचे तीन विभाग मनांत धरावे. पहिला विजेचा सांठा. दुसरा आवाजाच्या बटणापर्यंतचा दुर्बळ विजेचा मार्ग. तिसरा बटणापासून पेटीपर्यंतचा सबळ विजेचा मार्ग. बिघाड शोधावयाचा म्हणजे तो या तिहींपैकीं कोठें आहे तें आधीं ठरवावयाचें. यासाठीं यंत्र उघडावें लागत नाहीं, हेंच मला ठाऊक नव्हतें.

माझ्या विद्यार्थ्यानें पहिली गोष्ट केली ती अशी: मोबाइलची तार यंत्रामागून उपसून बाजूला ठेवली आणि यंत्र सुरू केलें. घुमणें जसेंच्या तसें! तो माझ्याकडे पाहून नुसता हसला. मीं मान खालीं घातली. कारण वर्गांत फळ्यावर मींच शेंकडों वेळां लिहिलें आहे: एक असतां दुसरें असतें तो अन्वय, आणि एक नसतां दुसरें नसतें तो व्यतिरेक, दोन्ही जुळल्यावांचून कार्यकारणभाव मानूं नये. तार असतां आवाज होता, एवढा अन्वय मीं पाहिला. तार काढून पाहण्यास अर्धें मिनिटही लागलें नसतें. तेवढा व्यतिरेक मीं पाहिला नाहीं, आणि एका मुलास दोषी ठरवून मोकळा झालों.

न्यायशास्त्रांत याला सुंदर नांव आहे: अन्यथासिद्ध. कुंभार घडा करतो. घड्याच्या आधीं माती असते, चाक असतें, कुंभार असतो. आणि माती वाहून आणणारें गाढवही असतें. पण म्हणून गाढव हें घड्याचें कारण होत नाहीं. एखादी गोष्ट कार्याच्या आधीं हजर होती एवढ्यावरून तिला कारण म्हणणें म्हणजे गाढवास कुंभाराच्या पाटावर बसविणें होय. मीं त्या मोबाइलास नेमकें तेंच केलें होतें.

दुसरी परीक्षा आवाजाच्या बटणाची. बटण पूर्ण खालीं आणलें म्हणजे दुसऱ्या विभागाचा रस्ता बंद होतो. घुमणें बटणाबरोबर कमीजास्त झालें, तर दोष बटणाच्या अलीकडे, म्हणजे तबकडीयंत्रांत, तारेंत अगर तिच्या जोडांत असण्याचा संभव. बटण शून्यावर आणूनही तें तसेंच राहिलें, तर दोष बटणाच्या पलीकडे अगर विजेच्या सांठ्यांत. आमच्या यंत्राचें घुमणें तिळभरही हललें नाहीं.

तिसरी परीक्षा मुक्या झालेल्या डाव्या बाजूची. यंत्र बंद करून त्यानें मागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. डावी पेटी मुकीच राहिली. म्हणजे तबकडीयंत्र व तार निर्दोष, कारण दोष त्यांच्यांत असता तर तो उजवीकडे गेला असता. मग तारा पूर्ववत् करून पुनः यंत्र बंद केलें व पेट्यांची अदलाबदल केली. आतां डावी पेटी गाऊं लागली व उजवी मुकी झाली. म्हणजे पेट्याही निर्दोष. दोष यंत्राच्या डाव्या अर्ध्या अंगांत. एक गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व तशींच ठेवावयाचीं, आणि दोष हलला कीं जागीं राहिला तें पाहावयाचें. एवढीच ही विद्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या कीं ती गेली.

आतां या कथेंत खरी गंमत आली. दाराआड उभा असलेला नातू पुढें होऊन म्हणाला, "काका, माझ्या मोबाइलवर आवाजाची कंपनें मोजतां येतात. मोजूं का?" त्यानें आरोपी मोबाइल पेटीसमोर धरला. पडद्यावर एकच उंच रेघ उभी राहिली: १०० च्या आंकड्यावर. माझा विद्यार्थी खूष झाला. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. तार सदोष असली, अगर दोन यंत्रांच्या जमिनीच्या जोडण्यांचें एक वर्तुळ झालें, तर बहुधा हाच ५० चा सूर पेटींत शिरतो. परंतु यंत्राच्या आंत ट्रान्स्फॉर्मरनंतर जी वीज एकाच दिशेची करतात, तिच्यांत प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्ध एकाच बाजूस वळविले जातात. त्यामुळें तिची लाट सेकंदास १०० वेळां उठते. गाणें जाणणारांस सांगावयाचें तर ५० व १०० यांत बरोबर एका सप्तकाचें अंतर आहे. शंभराचा सूर ऐकूं आला कीं संशय विजेच्या सांठ्याकडे वळतो.

"म्हणजे ठरलें?" मीं विचारलें.

"नाहीं सर. तारेच्या घुमण्यांतही कधीं कधीं वरचे सूर मिसळलेले असतात. एकट्या ह्या खुणेवर कांहीं ठरवूं नये. पण तार काढून पाहिली, बटण शून्यावर आणून पाहिलें, आणि सूरही शंभराचा. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवितात, म्हणून उघडून पाहूं."

जो हेतु साध्याबरोबर असतो पण साध्य नसतांही कोठें कोठें आढळतो, त्यास सव्यभिचार म्हणतात. हेत्वाभासांतील हा पहिला. हें मीं ज्यास शिकविलें नाहीं त्याला तें कळत होतें, आणि ज्यानें पाठ केलें त्याला तें आठवलें नव्हतें.

यंत्र उघडण्यापूर्वीं त्यानें वीज बंद केली, तार भिंतींतून उपसली व मुलास म्हणाला, "तार काढली म्हणजे यंत्र मेलें असें समजूं नकोस." सांठ्याचें काम करणारे जे दोन मोठे नळकांड्याच्या आकाराचे कंडेन्सर असतात, ते वीज गेल्यावरही भरलेले राहूं शकतात. आमच्या यंत्रांत त्यांवर शून्याच्या दोन्ही अंगांस सुमारें ३५ व्होल्टांचा दाब होता. तो त्यानें एका रोधाच्या द्वारें हळूहळू उतरविला व मापकानें शून्य झाल्याची खात्री करून घेतली. पेंचकसानें ठिणगी पाडून तो उतरविण्याची कित्येकांस संवय असते, ती वाईट. जुन्या नळ्यांच्या यंत्रांत तर हा दाब तीनशें-चारशें व्होल्ट असूं शकतो व तो प्राणघातक आहे. तेव्हां वाचकांस माझी विनंती अशी कीं, वर सांगितलेल्या बाहेरच्या परीक्षा घरीं खुशाल कराव्या. झांकण उघडण्याचें काम मात्र जाणत्या माणसाकडेच द्यावें.

झांकण उघडण्यासाठीं त्याला आधीं यंत्रावरच्या वस्तु उतराव्या लागल्या. तेथें काय होतें तें सांगावयास हवें. दादा गेल्यावर मीं त्यांचा फोटो त्या यंत्रावर ठेविला. त्याच्याखालीं क्रोशाचा विणलेला जाड रुमाल पसरला. शेजारीं दादांच्या आवडीचे दोन बांधीव ग्रंथ रचले. भक्तीनें केलें. यंत्राच्या पाठीवर ज्या फटी असतात त्या गरम हवा बाहेर जाण्यासाठीं असतात, याचा विचार मनास शिवला नाहीं. शिवाय सकाळीं लावलेलें यंत्र मी दुपारच्या चहापर्यंत तसेंच चालूं ठेवीत असें.

आंत पाहतों तों दोन्ही कंडेन्सरांचीं टाळकीं फुगून वर आलेलीं. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, हे मींच दादासाहेबांना बदलून दिले होते, नऊ-दहा वर्षांपूर्वीं. हे इतक्यांत जावयाचे नव्हते." मग त्यानें मला हिशोब सांगितला. या जातीच्या कंडेन्सरांत एक पातळ द्रव असतो. उष्णतेनें तो हळूहळू सुकतो. त्याच्या अंगावर ८५ अंश उष्णतेस २,००० तास असें आयुष्य छापलेलें होतें. स्थूल नियम असा कीं, उष्णता दहा अंशांनीं उतरली कीं आयुष्य दुप्पट होतें, आणि दहा अंशांनीं चढली कीं निम्में. मीं कागद घेतला. ४५ अंशांवर चाळीस अंश खालीं, म्हणजे चार वेळां दुप्पट: ३२,००० तास. रोज सहा तास यंत्र चालतें असें धरलें तर चौदा वर्षांहून अधिक. ६५ अंशांवर वीसच अंश खालीं, म्हणजे दोनच वेळां दुप्पट: ८,००० तास, अर्थात् साडेतीन वर्षांच्या थोडे पुढें. माझ्या रुमालाखालीं आंत किती अंश झाले असतील तें कोणीं मोजलें नव्हतें. परंतु गणित कोणाकडे बोट दाखवीत होतें तें सांगावयास नको होतें.

त्या वेळीं वहिनी दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना यंत्रावर कांहीं ठेवलेलें चालत नसे. पण तुम्हीं फोटो ठेवलात, मग मी काय बोलूं?"

मुक्या बाजूचा शोध अजून राहिला होता. येथें त्यानें दुसरी युक्ति दाखविली. आवाजाचा मार्ग म्हणजे एकापुढें एक सोळा खोल्या आहेत असें समजा, आणि कोठल्या तरी खोलीच्या दारांत आवाज अडला आहे. पहिल्या खोलीपासून शोधीत निघालें तर पंधरा वेळां पाहावें लागेल. त्याऐवजीं मधोमध पाहावें. तेथें आवाज आहे? तर दोष पुढच्या आठांत. नाहीं? तर मागच्या आठांत. पुनः त्या आठांच्या मध्यावर. अशा चार प्रश्नांत खोली सांपडते. त्यानें नातवाच्या मोबाइलवरच एकसारखा सूर लावून तो यंत्रास दिला आणि मधोमध मापक लावला, सूर होता. पुढच्या अर्ध्याच्या मध्यावर लावला, सूर होता. असें करीत तो थेट पेटी जोडण्याच्या खुंटीजवळ आला, व तेथें सूर नाहीं! मग एका सुक्या लांकडी पेन्सिलीनें त्यानें तेथें अलगद टिचकी मारली. डावी पेटी एकदम बोलली, आणि पुनः गप्प झाली. भिंग लावून पाहिलें तों खुंटीच्या पायाभोंवतीं डाखाला केसासारखी वर्तुळाकार चीर पडलेली. रोज तापणें व निवणें यानें डाख थकतो. त्यांत दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं ते कपाट सरकविलें तेव्हां धक्का बसून चीर उघडली असावी. त्यानंतर वसुबारसेपर्यंत यंत्र कोणीं लावलेंच नव्हतें. कपाट सरकविणारांत एक बाजू मींच धरली होती.

ही चीर सांपडण्यापूर्वीं मीं एकदां मध्येंच बोललों होतों. डाव्या अंगांतील एका ट्रान्झिस्टरवरचा दाब उजव्या अंगाहून थोडा निराळा दिसला, तेव्हां मी म्हणालों, "मग हाच बिघडला असेल." त्यानें मान हलविली. "सर, यांत सगळीं एकमेकांना बांधलेलीं असतात. एकाचा तोल गेला कीं सगळ्यांचे आंकडे चुकतात. ज्याचा आंकडा चुकला तोच वाईट असें नसतें. तो बिचारा दुसऱ्याचें ओझें सांवरीत असेल." एकत्र कुटुंब चालविणारानें हें वाक्य माजघराच्या दारावर लिहून ठेवण्यासारखें आहे.

हें बांधणें कशासाठीं असतें तेंही त्यानें सांगितलें, आणि मीं नंतर वाचून पाहिलें. नळ्यांच्या पहिल्या यंत्रांतून आवाज मोठा होई, पण विद्रूपही होई. हॅरल्ड ब्लॅक नांवाच्या तरुण अमेरिकन अभियंत्यास त्यावरील उपाय २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं कामावर जातांना हडसन नदीवरील नावेंत सुचला, व तो त्यानें हातांतल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेवर टिपून ठेविला. उपाय असा: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा कांहीं अंश परत मागें, आंत येणाऱ्या मूळ आवाजाशीं ताडून पाहण्यासाठीं आणावयाचा; जो फरक दिसेल तेवढा यंत्रानें आपला आपण कमी करावयाचा. यांत मोठेपणा घटतो, पण त्या मोबदल्यांत शुद्धता येते. वर्धन वाढवावयाचें सोडून तें कमी करण्याची ही युक्ति इतकी विपरीत वाटली कीं तिचें पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडावें लागलें. आज बहुतेक ध्वनिवर्धक याच तत्त्वावर चालतात. जें यंत्र आपलेंच बोलणें मागें वळून ऐकतें, तें शुद्ध बोलतें.

सायंकाळपर्यंत काम झालें. नवे कंडेन्सर तितक्याच मायक्रोफॅरडांचे, दाब सोसण्याची शक्ति जुन्याइतकी किंवा अधिक, आणि उष्णता सोसण्याची १०५ अंशांची. घालतांना धन-ऋण टोकें दोनदां पाहिलीं, कारण तीं उलट झालीं तर कंडेन्सर फुटूं शकतो. चिरेवरचा जुना डाख काढून नवा दिला. नंतर त्यानें यंत्र एकदम भिंतीच्या विजेस जोडलें नाहीं. जुन्या तऱ्हेचा, आंत तार तापणारा १०० वॅटांचा दिवा मध्यें घालून मग जोडलें. आंत कोठें वीज सरळ आडमार्गानें वाहत असेल तर हा दिवा लख्ख पेटून राहतो व यंत्र वांचतें; सर्व ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. हल्लींचे एलईडी दिवे या कामीं उपयोगी नाहींत. दिवा उजळला आणि मंदावला. शेवटीं पेट्या लावण्यापूर्वीं खुंट्यांवर स्थिर दाब मोजला. तो शून्याच्या अगदीं जवळ पाहिजे. कांहीं व्होल्ट दिसले तर पेटी लावूं नये, ती जळते. आमच्या येथें तो थोड्या मिलिव्होल्टांवर होता. माझ्या विद्यार्थ्यानें सामानाचे व मजुरीचे पैसे मोजून घेतले, आणि जातांना मुलास म्हणाला, "सुटीचा दुकानांत येत जा."

नरकचतुर्दशीच्या पहाटे सर्व मंडळी न्हाऊन जमली. तबकडी काढली, आणि मी सुई हातीं न घेतां नातवास पुढें बोलाविलें. सर्वांदेखत बोललों तेव्हां माझ्या तोंडून मोठें भाषण निघालें नाहीं. "परवां मी तुला बोललों तें चुकलें. दोष तुझा नव्हता, तार लावण्याचाही नव्हता. दोष माझा होता. आज सुई तूं ठेव." सर्वांसमक्ष दोष दिला होता, म्हणून सर्वांसमक्षच तो परत घेणें प्राप्त होतें, एकांतांत पाठीवर हात फिरवून तें भागलें नसतें.

मुलानें सुई ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबून पेट्यांकडे कान दिला. घूं घूं नव्हतें. मग तो म्हणाला, "आजोबा, दादाआजोबांचा फोटो इथें वर, भिंतीवर लावूं या. तिथून त्यांना दोन्ही पेट्या सारख्या ऐकूं येतील."

फोटो आतां भिंतीवर आहे. यंत्राच्या पाठीवर कांहींएक नाहीं. पद सुरू झालें तेव्हां वहिनी नेहमींप्रमाणें डोळे मिटून बसल्या, आणि सूनबाईंनीं फराळाचें पहिलें ताट माझ्यापुढें आणून ठेविलें.